जिल्हा परिषद प्रशालेचं वर्षभराचं यश: अभ्यास, संगीत आणि खेळाबद्दल पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या कडेला असलेल्या एका जिल्हा परिषद प्रशालेत मी मराठी शिकवते. जूनमध्ये प्रवेश सुरू झाले की पालक बाजारात, एसटी स्टँडवर, लग्नाच्या मांडवात गाठतात आणि तेच तेच प्रश्न विचारतात. प्रश्न रास्त असतात, पण उभ्या उभ्या नीट उत्तर देता येत नाही. म्हणून ती सगळी उत्तरं इथे सविस्तर लिहिली आहेत.

शाळेचं वर्षभराचं यश म्हणजे नेमकं काय धरायचं? फलकावर तर चार-पाचच नावं असतात.

फलकावर जागा तेवढीच असते. मी स्वतः एक वही ठेवते आणि दरवर्षी तिच्यात पाच गोष्टी लिहिते: दहावीला किती लेकरं बसली आणि किती पास झाली, शिष्यवृत्तीच्या परीक्षांना किती बसली, गाण्या-वाजवण्यासाठी किती जण मंचावर उभे राहिले, खेळात किती जण तालुक्याच्या पुढे गेले, आणि दिवाळीनंतर किती लेकरं वर्गात टिकली. ही पाचवी नोंद कुठल्याच बॅनरवर येत नाही. माझ्या मते मात्र बाकीच्या चारही नोंदी तिच्यावरच उभ्या असतात. जे लेकरू डिसेंबरात वर्गात नाही, ते फेब्रुवारीत परीक्षेला कुठून असणार?

आपल्याकडे शाळेला ‘प्रशाला’ का म्हणतात? आणि जिल्हा परिषदेचं हायस्कूल फक्त मराठवाड्यातच जास्त दिसतं ते कशामुळे?

प्रशाला म्हणजे हायस्कूलच. राज्याच्या इतर भागांत हायस्कुलं बहुतेक खासगी संस्थांनी काढली. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, इथली हायस्कुलं सरकारी आणि थोडीच होती, शिकवणंही उर्दूतून चालायचं. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला, १९५६ ला मुंबई राज्यात आला, १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि ही हायस्कुलं पुढे त्यांच्याकडे आली. जुनी माणसं अजून ‘मल्टिपर्पज’ म्हणतात ती यातलीच काही. म्हणून इथे आठवीनंतरही लेकराला जिल्हा परिषदेच्याच शाळेत दहावीपर्यंत शिकता येतं. पंचक्रोशीतल्या गरीब घरांसाठी ही मोठी गोष्ट आहे.

शेजारच्या शाळेचा निकाल १०० टक्के लागला आणि तुमचा नाही. मग आम्ही लेकरू तिकडं का घालू नये?

जरूर घाला, पण घालण्याआधी तीन आकडे विचारा: दोन वर्षांपूर्वी नववीत किती मुलं होती, त्यांतल्या किती जणांनी नियमित विद्यार्थी म्हणून दहावीचा फॉर्म भरला, आणि पास किती झाले.

समजा एका शाळेत नववीला ५० मुलं होती. दहावीला ४० बसली, ४० पास झाली. फलकावर १०० टक्के. दुसऱ्या शाळेत ५० पैकी ४९ बसली, ४६ पास झाली. निकाल ९४ टक्क्यांच्याही आत. पहिल्या शाळेत दहा लेकरांचं काय झालं हे कुणी विचारत नाही. काही ठिकाणी कच्च्या मुलाला नववीतच सांगितलं जातं, ‘तू १७ नंबरचा फॉर्म भर.’ म्हणजे खासगी विद्यार्थी म्हणून बाहेरून बैस. शाळेचा निकाल स्वच्छ राहतो आणि लेकरू एकटं पडतं. १७ नंबरचा फॉर्म वाईट नाही. ज्यांची शाळा सुटली होती त्यांच्यासाठी ती चांगली सोय आहे. शाळेत रोज येणाऱ्या लेकराला तिकडे ढकलणं वाईट आहे, आणि हे मी अनेकदा पाहिलंय.

निकाल वाचताना श्रेण्याही बघा. ७५ टक्के आणि वर म्हणजे विशेष प्रावीण्य, ६० च्या वर प्रथम श्रेणी, ४५ च्या वर द्वितीय, ३५ ला उत्तीर्ण. ज्या मुलीला सहावीत जोडाक्षर वाचता येत नव्हतं ती दहावीला द्वितीय श्रेणीत आली, तर त्या वर्षी माझ्या वहीत तिचं नाव पहिलं असतं.

काही मुलांना १०० टक्के गुण पडतात ते कसे?

दहावीला सहा विषय, ६०० गुण. टक्केवारी मात्र सर्वांत जास्त गुणांच्या पाच विषयांवर, म्हणजे ५०० वर काढतात. याला ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ म्हणतात. त्यात खेळ, चित्रकला, गायन-वादन, लोककला यांचे वाढीव गुण मिळतात. आधीच वरच्या टोकाला असलेल्या मुलाला या वाढीव गुणांनी शंभर गाठता येतात.

२०२४ ला राज्यात १८७ मुलांना १०० टक्के पडले, त्यांतली १२३ लातूर विभागाची होती. २०२५ ला २११ पैकी ११३ लातूर विभागाचीच. (लातूर विभागीय मंडळात लातूर, धाराशिव आणि नांदेड, मराठवाड्यातले बाकीचे पाच जिल्हे छत्रपती संभाजीनगर मंडळात.) अभिमान वाटावा असेच हे आकडे आहेत. पण त्याच २०२५ ला लातूर विभागाचा एकूण निकाल ९२.७७ टक्के होता आणि राज्याचा ९४.१०. म्हणजे शिखरावर सगळ्यात जास्त मुलं आपली आणि खाली राहिलेलीही सरासरीपेक्षा जास्त आपलीच. आमच्यासारख्या शाळांचं काम त्या खालच्या लेकरांमध्ये आहे.

आठवीच्या मुलाला एनएमएमएसला बसवा म्हणतात. त्याचा एवढा आग्रह का?

कारण गरीब घरासाठी यापेक्षा चांगली परीक्षा मला तरी माहीत नाही. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती हे तिचं पूर्ण नाव. निवड झाली तर नववी ते बारावी दरमहा १,००० रुपये, वर्षाचे १२,०००, चार वर्षांचे ४८,००० थेट लेकराच्या खात्यावर येतात. आणि यात आपल्या शाळांना हक्काची जागा आहे. सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांनाच ती देता येते. विनाअनुदानित खासगी शाळा, नवोदय, केंद्रीय विद्यालय यांच्या मुलांना बसता येत नाही.

अटी अशा: आई-वडिलांचं वार्षिक उत्पन्न ३,५०,००० रुपयांच्या आत, सातवीत किमान ५५ टक्के गुण (अनुसूचित जाती-जमातींना ५० टक्के). दोन पेपर असतात, बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता, प्रत्येकी ९० प्रश्न, ९० मिनिटं. मराठा-कुणबी समाजातल्या ज्या मुलांनी परीक्षा पास केली पण कोट्यात निवड झाली नाही, त्यांच्यासाठी सारथी या शासकीय संस्थेची छत्रपती राजाराम महाराज शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ९,६०० रुपये. हे बऱ्याच पालकांना कळतच नाही आणि अर्ज करायचा राहून जातो.

निवड झाली म्हणजे काम संपलं असं समजू नका. दरवर्षी राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज करावा लागतो, खातं आधारशी जोडलेलं लागतं, आणि दहावीला ६० टक्के (अनुसूचित जाती-जमातींना ५५) पडले तरच अकरावी-बारावीचे पैसे चालू राहतात. माझ्या अनुभवात पैसे अडतात ते अभ्यासाने कमी आणि खात्याने जास्त. बँकेत नाव एक, आधारवर दुसरं, शाळेच्या रजिस्टरवर तिसरं.

सराव कसा घ्यायचा, हेही विचारतात. गणित-विज्ञान वर्गात होतंच. बौद्धिक क्षमतेचा पेपर मात्र सवयीचा आहे. आकृत्यांची मालिका, आरशातली प्रतिमा, सांकेतिक भाषा, दिशा. आम्ही सातवीच्या उन्हाळ्यातच सुरुवात करतो, सकाळी आठच्या आत, लिंबाखाली. रोज दहा प्रश्न, जास्त नाहीत. लेकरू चुकलं तर उत्तर सांगत नाही. शेजारच्याला ‘तू कसं काढलंस?’ असं विचारायला लावतो. महिन्याभरात तीच एकमेकांना शिकवायला लागतात.

आणि स्कॉलरशिप परीक्षा? ती चौथीला की पाचवीला?

पूर्वी चौथी-सातवीला होती, २०१६-१७ पासून पाचवी-आठवीला झाली, आता शासनाने ती पुन्हा चौथी-सातवीकडे वळवली आहे. पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद ती घेते. दोन पेपर, प्रत्येकी १५० गुण: एकात प्रथम भाषा आणि गणित, दुसऱ्यात तृतीय भाषा आणि बुद्धिमत्ता चाचणी. रक्कम लहान असते, पण वस्तुनिष्ठ परीक्षेची भीती इथे मोडते आणि एनएमएमएसचा पाया तयार होतो.

मॅडम, आम्ही उचल घेतलीया. दिवाळी झाली की कारखान्यावर जावं लागतं. लेकराला मागं कुणाजवळ ठेवू?

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतून हा प्रश्न मला दरवर्षी विचारला जातो आणि दरवर्षी तेवढाच जड जातो. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, अंगावर, टोळी निघाली की थांबता येत नाही. लहान भावंडाला सांभाळायला थोरली लागते म्हणून मुलगी आधी जाते. हंगाम मार्च-एप्रिलपर्यंत चालतो.

आमच्या यशाच्या वहीत याचा ठसा अगदी स्पष्ट दिसतो. कोयता निघायच्या आत जे होतं त्यात आमची लेकरं पुढे असतात: तालुक्याच्या खो-खो स्पर्धा, चित्रकलेची परीक्षा, सप्टेंबर-ऑक्टोबरातले सगळे कार्यक्रम. एनएमएमएस होते साधारण डिसेंबरात, स्कॉलरशिप फेब्रुवारीत, दहावीचे पेपर फेब्रुवारी-मार्चमध्ये. तिथे आम्ही मागे पडतो. लेकरं तीच, हुशारी तीच. बुडतात फक्त महिने.

करायचं काय? एक तर हंगामी वसतिगृह. बीडसह ऊसतोडीच्या पट्ट्यात ही योजना चालते. आई-वडील गेले तरी लेकरू गावात राहतं, सकाळ-संध्याकाळचं जेवण मिळतं, आजी असेल तर रात्री आजीजवळ झोपतं. नाव ऑक्टोबरातच द्यावं लागतं, टोळी निघाल्यावर नाही. दुसरं, लेकराला न्यावंच लागत असेल तर शाळेतून शिक्षण हमी कार्ड घ्या. ते दाखवून कारखान्याजवळच्या शाळेत दाखल होता येतं आणि परत आल्यावर आमच्याकडे बसता येतं. तिसरी गोष्ट योजनेत नाही, आम्हीच करतो: गावात राहणाऱ्या एखाद्या घरी अभ्यासाला बोलावणं. गेल्या काही वर्षांत अशा घरांनी दोन-दोन, तीन-तीन लेकरं सांभाळली. ज्या बाईने स्वतः चौथीत शाळा सोडली होती, तिच्या ओसरीवर कंदिलाएवढ्या उजेडात तीन मुलींनी दहावीची तयारी केली. त्यांतली एक आज नर्सिंग शिकतेय.

तुमची अडचण आधी सांगा. आम्ही घरी येऊ. फक्त न सांगता नेऊ नका.

गावात गाण्याचा क्लास नाही. मग संगीतात आमच्या लेकरांनी काय करायचं?

क्लास नसेल, पण गाणं आहे. आपल्याकडे वर्षातून एकदा तरी अखंड हरिनाम सप्ताह बसतो. तिथे टाळ धरणारी, हरिपाठ पाठ असणारी, पखवाजावर बोटं टाकणारी पोरं आमच्याच वर्गात असतात. वर्गात मागच्या बाकावर गप्प बसणारा एक मुलगा मी सप्ताहात पाहिला. पखवाजाच्या डाव्या पुडीवर कणीक मळून लावत होता, चिमूट काढायचा, थाप द्यायचा, ऐकायचा, परत थोडी लावायचा. पंधरा मिनिटं त्याने तेवढंच केलं. सूर जुळला तेव्हाच त्याने वर पाहिलं. वर्गात त्याला एकाग्रता नाही असा शेरा मीच लिहिला होता. तो मी दुसऱ्या दिवशी खोडला.

अशा लेकरांना परीक्षेची वाट दाखवणं हे शाळेचं काम. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा गायन, तबला, पखवाज, हार्मोनियम, नृत्य अशा विषयांत होतात. विष्णू दिगंबर पलुस्करांनी १९०१ ला लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं, त्याच परंपरेतलं हे मंडळ. क्रम असा: प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, त्यापुढे विशारद. वर्षातून दोन सत्रं असतात.

शास्त्रीय गायन, वादन किंवा नृत्याच्या तीन परीक्षा पास असतील तर दहावीला १० वाढीव गुण, पाच असतील तर १५. आता हिशोब करा. वर्षाला एक परीक्षा धरली आणि सहावीत सुरुवात केली, तर आठवीत तीन होतात आणि दहावीपर्यंत पाच. दहावीत जाऊन ‘मॅडम, गाण्याचे मार्क कसे मिळतात?’ असं विचारलं तर माझ्याकडे उत्तर नसतं. म्हणून सहावीच्या पालक सभेत मी गाण्याचाच विषय आधी काढते.

शिकवायला कुणी नाही ही अडचण खरी आहे. आमच्याकडे एक जुनी हार्मोनियम आणि एक तबल्याची जोडी आहे. भजनी मंडळातले एक काका आठवड्यातून दोनदा येतात, मानधन घेत नाहीत. सुरुवातीला भूप राग शिकवतात: सा रे ग प ध, मध्यम नाही, निषाद नाही. पाचच सूर, म्हणून लेकराला धीर येतो. भजनातली अर्धी चाल त्याला आधीच येत असते, फक्त तिला नाव नसतं. आपल्या मराठवाड्यातून नाथराव नेरळकरांसारखे गायक घडले. नामदेवांची नरसी, जनाबाईंचं गंगाखेड, एकनाथांचं पैठण आपल्याच मुलखात. इथल्या लेकराला गळा नाही असं कुणी म्हणू नये.

आमच्या घरी गोंधळ आहे. पोरगं संबळ वाजवतं. त्याचा शाळेत काही उपयोग?

उपयोग तर आहेच, त्याआधी मान आहे. लोककलेच्या प्रयोगांनाही वाढीव गुण मिळतात: बालकलाकार म्हणून २५ प्रयोग असतील तर ५, ५० असतील तर १०. त्यासाठी प्रयोगांची नोंद आणि रीतसर प्रमाणपत्र लागतं. त्यामुळे पोराला जागरण-गोंधळाला नेता तेव्हा तारीख आणि गाव वहीत लिहून ठेवा, आणि प्रमाणपत्र कुणाचं चालतं ते आधी शाळेत येऊन विचारा.

शिवाय शिक्षण मंत्रालयाचा कला उत्सव आहे. २०१५ पासून नववी ते बारावीच्या मुलांसाठी होतो, शाळेपासून जिल्हा, राज्य आणि मग राष्ट्रीय पातळीवर. वाद्यवादनात संबळ घेऊन उतरायला कुणाची परवानगी लागत नाही. परभणीच्या राजारामबापू कदमांनी गोंधळ महाराष्ट्राबाहेर पोचवला. तुमचं पोरगं त्याच वाटेवरचं आहे. एक विनंती मात्र आहे: रात्रभर गोंधळ असेल तर दुसऱ्या दिवशी त्याला झोपू द्या, मी हजेरीचं बघते. पण परीक्षेच्या आदल्या रात्री नेऊ नका.

चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवावं का?

हो. कला संचालनालयाची परीक्षा आहे, फी परवडते, साहित्य थोडं लागतं. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. इंटरमिजिएटला अ श्रेणी असेल तर ७, ब ला ५, क ला ३ वाढीव गुण. एलिमेंटरी सातवी-आठवीत उरकली की नववीला इंटरमिजिएट सावकाश होते.

खेळात तुमची शाळा खो-खोलाच एवढी का चिकटली आहे?

दोन खांब, चुन्याची फक्की आणि दगड वेचलेलं मैदान, एवढ्यावर खेळ उभा राहतो म्हणून. काळ्या रानात पावसाळ्यात पाय रुततात, मैदानाला मुरूम टाकावा लागतो. गावकऱ्यांनी दोन ट्रॉल्या मुरूम दिला त्या वर्षी आमचा संघ पहिल्यांदा तालुक्याच्या पुढे गेला.

हा खेळ आपल्या भागाचा आहे. धाराशिवच्या सारिका काळे भारताच्या कर्णधार होत्या. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत गुवाहाटीला सुवर्ण मिळालं आणि २०२० ला त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ ला दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताच्या पुरुष आणि महिला, दोन्ही संघांनी तो जिंकला. त्या अंतिम सामन्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या मैदानावर तिसरीच्या पोरी येऊन खो-खोच्या पाटीत बसल्या होत्या.

पोरी खेळताना एकदा येऊन बघा. खांबाजवळ पळणारी मुलगी हुलकावणी देते, मागची सूर मारायला झेपावते, बोटाचं टोक लागलं की नाही यावर सगळं मैदान श्वास धरतं. बसलेल्या मुलीला खो मिळाला की उठायला क्षणही नसतो. जी मुलगी वर्गात हात वर करत नाही, तिचा आवाज इथे ‘खो!’ म्हणताना शाळेच्या फाटकापर्यंत जातो. दोन महिन्यांनी तीच मुलगी वर्गातही बोलायला लागते. हे मी इतक्या वेळा पाहिलंय, की आता गप्प मुलीला मी आधी मैदानावर पाठवते.

स्पर्धांच्या पायऱ्या कशा असतात?

तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, मग राष्ट्रीय. गट वयाचे: १४, १७ आणि १९ वर्षांखालील. आयोजन जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडून होतं आणि प्रवेश शाळेमार्फतच जातो. दहावीला खेळाचे जास्तीत जास्त २५ वाढीव गुण मिळतात, कुठल्या पातळीपर्यंत गेलं त्यावर ते ठरतात. शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे, त्यालाही अधिकृत स्पर्धेची प्रमाणपत्रंच लागतात. गावच्या जत्रेतल्या ट्रॉफीने घर शोभतं, नोकरी मिळत नाही.

मुलगी खेळायला लागली तर अभ्यास बुडेल, आणि संध्याकाळी घरी कशी येणार?

दुसरा प्रश्न जास्त खरा आहे. एसटीचा पास मुलींना मोफत आहे, मानव विकास कार्यक्रमाची निळी बसही येते, पण ती शाळा सुटली की निघते. ती चुकली तर पाच-सहा किलोमीटर पायी. म्हणून आम्ही सराव सकाळी प्रार्थनेच्या आधी आणि मधल्या सुट्टीत ठेवतो. संध्याकाळचा सराव फक्त गावातल्या किंवा सायकल असलेल्या मुलींना. स्पर्धेला बाहेरगावी जाताना सोबत बाई शिक्षिका असतेच. नसेल तर मी संघ पाठवत नाही.

अभ्यासाचं म्हणाल तर आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचे अविनाश साबळे आठवा. लहानपणी शाळेसाठी सहा किलोमीटर चालत-पळत जायचे, गाडीची सोय नव्हती. बारावीनंतर सैन्यात गेले. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३,००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्य, सुवर्ण पाच शतांश सेकंदांनी हुकलं. पुढच्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. त्यांच्या आधी, १९७० ला, निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांनी राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीचं सुवर्ण आणलं होतं. आपल्या कोरडवाहू मुलखातून, साध्या शाळांतून निघालेली ही माणसं.

कुठली कागदपत्रं जपून ठेवायची?

सगळी, आणि त्यांच्यावरचं नाव एकसारखं. जन्माचा दाखला, आधार, शाळेचं रजिस्टर, बँक पासबुक, प्रत्येक परीक्षेचं आणि स्पर्धेचं प्रमाणपत्र.

हे मी पोटतिडकीने सांगते, त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या खो-खोतल्या एका मुलीचं प्रमाणपत्र होतं, गुण हक्काचे होते. प्रमाणपत्रावर वडिलांचं नाव एक आणि बोर्डाच्या अर्जावर दुसरं. प्रस्ताव परत आला, दुरुस्तीच्या फेऱ्या मारेपर्यंत मुदत गेली. तपासायचं काम माझ्याकडे होतं आणि मी नावाकडे नीट पाहिलं नव्हतं. तिला हव्या त्या कॉलेजात प्रवेश थोडक्यात हुकला. ती मला काही बोलली नाही. त्यानंतर दर जुलैमध्ये मी प्रत्येक लेकराचे सगळे कागद बाकावर मांडून एकेका अक्षरावर बोट ठेवून बघते. त्या दिवशी पालकांनी यावं, अर्धा तास लागतो.

विज्ञानात काही आहे का?

इन्स्पायर अवॉर्ड-मानक आहे, शाळकरी मुलांच्या नव्या कल्पनांसाठीची केंद्र सरकारची योजना. शाळेतून पाच कल्पना पाठवता येतात, निवडलेल्या कल्पनेला मॉडेल करायला १०,००० रुपये मिळतात. लेकराला शेतात जी अडचण दिसते तिच्यावर विचार करायला सांगा. इंटरनेटवरची मॉडेलं लगेच ओळखू येतात.

यशाची यादी कधी आणि कुठे वाचायला मिळते?

स्नेहसंमेलनात सत्कार होतात, पण पूर्ण यादी आम्ही १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनानंतर वाचतो. या दिवसाशी शाळेचं नातं आहे. मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि पुढे अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत शिक्षक होते, आणि त्या काळी आपल्या भाषेत शाळा चालवणं हाही लढ्याचाच भाग होता. यादीत पहिला नंबर, दुसरा नंबर असं नसतं. नाव, आई-वडिलांचं नाव, गाव-वस्ती आणि काय केलं, एवढंच. तांड्यावरची, वस्तीवरची नावं माइकवर नीट उच्चारली जावीत म्हणून मी आदल्या दिवशी लेकरांकडून ती वदवून घेते.

नापास झालेल्यांचं नाव तुमच्या वहीत असतं का?

असतं, आणि पुढे मोबाइल नंबरही असतो. दोन विषयांपर्यंत राहिले असतील तर एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो. पुरवणी परीक्षा जून-जुलैमध्येच होते, वर्ष वाया जात नाही. निकालाच्या दिवशी लेकराला रागावू नका, त्या दिवशी त्याला घरी एकटंही ठेवू नका. दुसऱ्या दिवशी गुणपत्रिका घेऊन शाळेत या. गणित आणि इंग्रजीचा वर्ग सकाळी आठ ते दहा, सुट्टीतही चालू असतो. फॉर्मच्या फीची अडचण असेल तर मुदत संपायच्या आधी सांगा, त्याची सोय होते.